निनावी, सबब दप्तरी दाखल

प्रति,
प्रो फुटबॉल रायटर्स ऑफ अमेरिका या संघटनेचे सभासद,
तसेच दर एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टवर, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या वाटणीवर, लिहिणारी बाकीची वार्ताहर मंडळी.

विषय : स्वतःचं नाव झाकून पोरांच्या स्वभावावर शेरे मारणारे स्काउट (क्लबांसाठी खेळाडू हेरणारे), आणि ते शेरे छापणारे तुम्ही.

स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्यापैकी कुणी ते वाचण्याची शक्यता नाही. तरी मराठीतच लिहितोय. ओहायोत २२ वर्षं काढली, पण चिडायचं झालं की मी अजून मराठीतच चिडतो. शिवाय कोलंबसपासून क्लीव्हलंडपर्यंत आमची जी मंडळी रविवारी पोह्यांच्या बशा घेऊन तळघरातल्या टीव्हीपुढे आमच्या क्लीव्हलंड ब्राउन्स क्लबची मॅच बघतात, ती तुमचं लिखाण वाचतात, ग्रुपवर टाकतात आणि सोमवारी ऑफिसात ते स्वतःचं मत असल्यासारखं ऐकवतात. मीही ऐकवलंय. तेव्हा पत्ता तुमचा असला तरी टपाल त्यांच्या घरी पडणार आहे.

यंदा (२०२६) ड्राफ्ट पिट्सबर्गला, आमच्यापासून गाडीने तीन तासांवर. म्हणजे पुन्हा ती वाक्यं सुरू होणार : ‘एका क्लबचा अनुभवी स्काउट म्हणतो की…’

माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीत कारकून होते. आवक टपालात आठवड्याला पाच-सहा तरी निनावी अर्ज असायचे. अमका तलाठी पैसे खातो, तमक्याने गायरानात भिंत घातली, फलाण्याचा रेशनचा साठा दुसऱ्याच्याच गोदामात. वडील टिपणी लिहायचे, साहेब सही करायचे. टिपणी ठरलेली : ‘अर्ज निनावी. सबब दप्तरी दाखल.’ दप्तरी दाखल म्हणजे फाडायचं नाही, फेकायचं नाही, पण त्यावरून कुणाच्या दारात जायचंही नाही. पुढे १९९९ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाने निनावी तक्रारींवर कारवाई करू नये असं परिपत्रकच काढलं, तेव्हा निवृत्त झालेले वडील पेपर खाली ठेवून म्हणाले होते, ‘हे आम्ही कधीपासून करतोय.’

ऑफिसात करत होते. घरी जमलं नाही.

१९७८ साली माझ्या आत्याचं लग्न ठरलं. साखरपुडा झाला, हॉलचा इसार दिला गेला. पंधरा दिवसांनी मुलाकडच्यांचा निरोप आला की पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, जमत नाही. खरं कारण दोन वर्षांनी मध्यस्थाने आणून दिलं. निळं आंतरदेशीय पत्र होतं. मी तेव्हा दहा वर्षांचा, पण ते पत्र मला डोळ्यांसमोर दिसतं. अक्षरं डाव्या हाताने काढल्यासारखी, उजवीकडे कललेली. मजकूर दोन ओळींचा : मुलीला फिट्स येतात, घरच्यांनी लपवलंय. खाली ‘आपला हीतचींतक’. दोन्ही वेलांट्या चुकलेल्या. आत्याला फिट्स कधीच आल्या नव्हत्या. पुढे तिचं लग्न झालं, चांगलं झालं. पण गावातल्या कुठल्याही पंगतीत बसली की ती समोरच्या रांगेतली तोंडं बघायची. वाढपी कितीदा ‘वहिनी, भात?’ म्हणून उभा राहायचा आणि तिचं लक्ष नसायचं. यातला कोण?

तुमच्या लिखाणात हा हितचिंतक मला दर एप्रिलला भेटतो. तुम्ही त्याला ‘एएफसीतला जुना सहायक प्रशिक्षक’ म्हणता; एएफसी म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एक.

मराठी वाचकांपैकी ज्यांना या खेळाचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ क्लब. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वाटणी एप्रिलमध्ये तीन दिवस, सात फेऱ्यांत होते. आधीच्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली निवड. पोराने कुठे जायचं हे पोर ठरवत नाही. आणि २०११ पासून पगारही क्रमांकाला बांधलेला आहे. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या कॅम वॉर्डचा चार वर्षांचा करार सुमारे ४ कोटी ८८ लाख डॉलरचा. १४४व्या क्रमांकावर गेलेल्या शेडूर सँडर्सचा सुमारे ४६ लाखांचा. दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचं डोकं. तेव्हा तुमच्या एका वाक्याने पोरगा दहा जागा खाली घसरला, तर ती घसरण डॉलरमध्ये मोजता येते. आत्याची मोजता आली नव्हती.

शेडूरपासूनच सुरू करतो, कारण तो आमच्या ब्राउन्सकडे आला आणि त्या तीन दिवसांत आमच्या ग्रुपवर जेवढे मेसेज पडले तेवढे दिवाळीला पडत नाहीत.

बाप डिऑन सँडर्स, या खेळातलं मोठं नाव, कोलोरॅडो विद्यापीठात मुलाचा प्रशिक्षकही तोच. पोराच्या गळ्यात साखळ्या, बोलण्यात तोरा. ड्राफ्टच्या आधी लीगच्याच मालकीच्या माध्यमात एका निनावी सहायक प्रशिक्षकाचं मत छापून आलं. सारांश असा : आयुष्यात बसलो त्यातली सगळ्यात वाईट मुलाखत. सगळं आपल्याला मिळायलाच हवं अशी याची वृत्ती. उगीच सॅक खातो, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला जातो. चेंडू वेळेवर सोडत नाही. देहबोली भयंकर. दोष सहकाऱ्यांवर ढकलतो. आणि मुख्य म्हणजे, तो तेवढा चांगला नाहीच.

हे जरा थांबून वाचा. यात दोन प्रकारची वाक्यं एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत. ‘चेंडू वेळेवर सोडत नाही’ आणि ‘उगीच सॅक खातो’ ही तपासता येतात. कोलोरॅडोच्या मॅचचं चित्रण आहे, घड्याळ आहे, बसा आणि मोजा. ती बोलायला नाव झाकायची गरजच नव्हती, आणि नाव झाकूनही त्यांनी कुणाचं बिघडत नाही. पण ‘सगळं मिळायलाच हवं अशी वृत्ती’ कुठल्या कॅमेऱ्यात बघायची? ती मुलाखत बंद खोलीत झाली. खोलीत कोण होतं, काय विचारलं, पोरगा काय बोलला, यातलं वाचकाला काही दिलेलं नाही. निकाल तेवढा दिला. आणि मोजता येणाऱ्या वाक्यांच्या शेजारी बसवल्यामुळे न मोजता येणारं वाक्यही खरं वाटायला लागलं.

शेडूरच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले. त्यातला एक, डिलन गॅब्रिएल, आमच्याच ब्राउन्सनी तिसऱ्या फेरीत उचलला होता. शेडूर पाचव्या फेरीत. ही सगळी घसरण त्या एका परिच्छेदाने झाली असं मी म्हणत नाही. मुलाखत खरंच वाईट झाली असेल. मी त्याची मॅच बघितली तेव्हा मलाही वाटलं होतं की हा चेंडू फार वेळ धरून ठेवतो. माझा मुद्दा त्याच्या गुणवत्तेचा नाही.

माझा मुद्दा टेलिफोनचा आहे. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी शेडूर घरी वाट बघत असताना त्याला एक फोन आला. पलीकडचा स्वतःला एका क्लबचा महाव्यवस्थापक म्हणवत होता, आणि तुला आणखी थोडं थांबावं लागेल असं सांगून त्याने फोन ठेवला. ती मस्करी होती. अटलांटा फाल्कन्सच्या बचाव-प्रशिक्षकाच्या मुलाने वडिलांच्या आयपॅडवरून शेडूरचा नंबर उचलला होता. लीगने क्लबला २ लाख ५० हजार डॉलर दंड केला आणि प्रशिक्षकाला १ लाख. बरोबरच केलं. क्लबांना विश्वासाने दिलेली माहिती बाहेर गेली होती.

आता मला सांगा, बंद खोलीतल्या मुलाखतीचा वृत्तांत ही कुठली माहिती? तीही क्लबांना विश्वासानेच मिळालेली. फोन नंबर फुटला तर साडेतीन लाख दंड, आणि मुलाखत फुटली तर मथळा?

लीगला हे कळत नाही असं नाही. २०१० मध्ये मायामीच्या महाव्यवस्थापकाने डेझ ब्रायंट या खेळाडूला मुलाखतीत त्याच्या आईबद्दल असा प्रश्न विचारला की जो इथे लिहायला मला लाज वाटते. नंतर त्याला माफी मागावी लागली. असे प्रकार साठत गेले आणि २०२२ मध्ये लीगने क्लबांना बजावलं : मुलाखतीत अपमानास्पद प्रश्न विचाराल तर पहिल्या चार फेऱ्यांतली एक निवड जाईल, वर किमान दीड लाख डॉलर दंड. म्हणजे खोलीत पोराचा अपमान केला तर शिक्षा आहे. तोच अपमान खोलीबाहेर येऊन तुमच्या कानात केला तर नाही. मधे उभे आहात ते तुम्ही.

मी ओहायोचा, त्यामुळे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पोरांचं माझ्याकडे वेगळं खातं आहे. एलाय ॲपलचं बघा. २०१६ चा ड्राफ्ट. एका निनावी स्काउटने काय सांगितलं, तर पोराला जगायची अक्कल नाही, साधा स्वयंपाक येत नाही, नुसता लहान बाळ आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. आमच्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला विचारायचे, ‘स्वयंपाक येतो का?’ पण तिथे विचारणारी बाई समोर बसलेली असायची, तिचं नाव सगळ्यांना माहीत असायचं, आणि मुलगी फारच ठसक्याची असली तर ‘तुमच्या मुलाला येतो का?’ असं उलट विचारूही शकायची. ॲपलने कुणाला विचारायचं? बचाव-फळीतल्या कडेच्या खेळाडूला भाजी परतता येते की नाही याने मैदानावर काय फरक पडतो, हा प्रश्न त्या वार्ताहराने तरी फोनवर विचारला होता का? न्यू यॉर्क जायंट्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं. म्हणजे निदान एका क्लबने डबा बाहेरून मागवायची तयारी ठेवली.

जस्टिन फील्ड्सच्या वेळेला मात्र मला हसू आलं नाही. २०२१ च्या मार्चअखेर एका माजी क्वार्टरबॅकने, जो आता टीव्हीवर विश्लेषण करतो, ‘मी असं ऐकलंय’ म्हणून सांगितलं की फील्ड्स सगळ्यांच्या शेवटी येतो आणि सगळ्यांच्या आधी निघून जातो. ऐकलं कुणाकडून? नाव नाही. हा तोच फील्ड्स, ज्याने २०२० च्या ऑगस्टमध्ये बिग टेन परिषदेने, म्हणजे ओहायो स्टेट ज्यात खेळतं त्या विद्यापीठांच्या गटाने, हंगाम लांबणीवर टाकला तेव्हा ‘आम्हाला खेळायचंय’ म्हणून सह्यांची मोहीम उभी केली आणि तीन लाखांवर सह्या गोळा झाल्या. हा तोच, ज्याला १ जानेवारी २०२१ ला शुगर बोल या कॉलेजच्या मोठ्या सामन्यात क्लेमसनविरुद्ध बरगड्यांवर असा दणका बसला की आमच्या खोलीत बायकांनी तोंडावर हात घेतले. तो वाकून, कुशी धरून बाहेर गेला, परत आला, आणि त्या रात्री त्याने सहा टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले. त्या विश्लेषकाने नंतर ओहायो स्टेटच्या लोकांशी बोलून सारवासारव केली, ते ठीक. पण सारवासारव तोपर्यंत कुणाच्या ग्रुपवर आली? पहिलं वाक्य आलं होतं. फील्ड्स ११व्या क्रमांकावर शिकागोला गेला. पुढे त्याची कारकीर्द काही भरभराटीला आली नाही हे मी कबूल करतो. पण ती आळसामुळे फसली असं आजतागायत कुणी नाव देऊन म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

सी. जे. स्ट्राउडचं तर शेऱ्याचंही निमित्त नव्हतं, थेट गुणपत्रिकाच फुटली. एस-टू नावाची एक चाचणी आहे, डोळ्यांना दिसलेलं मेंदू किती झटकन उलगडतो ते मोजणारी. गुण गोपनीय. २०२३ च्या एप्रिलमध्ये छापून आलं की स्ट्राउडला १८ पर्सेंटाइल. आमच्या ग्रुपवर दहावी नापास छापाचे विनोद सुरू झाले, दोन मी टाकले. स्ट्राउड म्हणाला, मी परीक्षा देणारा नाही, मी फुटबॉल खेळतो. ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. त्याच नोव्हेंबरात टॅम्पा बेविरुद्ध त्याने ४७० यार्ड आणि पाच टचडाउन फेकले. नवख्या क्वार्टरबॅकने एका मॅचमध्ये एवढे यार्ड त्याआधी कधी फेकले नव्हते. आदल्या हंगामात तीन मॅच जिंकलेला संघ दहा जिंकून प्लेऑफमध्ये गेला आणि तिथे त्याने हरवलं कुणाला, तर आमच्या ब्राउन्सना, ४५–१४. विनोद टाकणाऱ्यांना देव असाच बघून घेतो.

आता तुमच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोलतो, कारण वडिलांची सवय, टिपणीत दोन्ही बाजू यायला हव्यात.

सगळ्यात कुप्रसिद्ध शेरा निनावी नव्हताच. २०११ मध्ये नोलन नवरॉकी यांनी प्रो फुटबॉल वीकलीत कॅम न्यूटनबद्दल लिहिलं की हसू खोटं आहे, बोलणं पाठ केलेलं आहे, वृत्ती आधी मी मग बाकीचे. खाली त्यांचं नाव होतं. न्यूटन पहिल्या क्रमांकावर गेला, २०१५ च्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघ १५–१. आणि टचडाउन झालं की चेंडू प्रेक्षकांतल्या एखाद्या पोराच्या हातात नेऊन द्यायचा, त्याच खोट्या हसूसकट. २०१८ मध्ये बिल पोलियन यांच्यासारख्या जुन्याजाणत्या माणसाने लमार जॅक्सनला सांगितलं की तू क्वार्टरबॅक सोड आणि रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, हो. लमार ३२वा गेला. पुढच्याच वर्षी तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरत असताना पोलियन यांनी कबूल केलं की माझं चुकलं, मी जुन्या फूटपट्टीने मोजलं.

ही दोन्ही मतं त्या निनावी मतांपेक्षा जास्त चुकली. तरीही माझी त्यांच्याबद्दल तक्रार कमी आहे. नवरॉकींना आजही कुणी विचारू शकतं. पोलियन स्वतः येऊन चूक मान्य करू शकले, कारण चूक त्यांच्या नावावर होती. ॲपलच्या स्वयंपाकावर बोललेला स्काउट कधी येऊन म्हणाला का, की बाबा, माझं जरा अतीच झालं? म्हणणार कसा, तो तर बोललाच नव्हता.

दुसरी बाजू जॉनी मॅन्झिएलची. हा घाव आम्हा ब्राउन्सवाल्यांचा घरचाच. २०१४ मध्ये २२व्या क्रमांकावर घेतला. पार्ट्या, दारू, बेशिस्त, सगळं लोक आधीपासून बोलत होते, आणि सगळं खरं निघालं. दोन हंगामांत क्लबने त्याला सोडून दिलं. तुम्ही म्हणाल, बघा, निनावी लोक बरोबर होते! बरोबर होते खरे. पण मॅन्झिएलच्या पार्ट्यांचे फोटो तो स्वतःच जगाला दाखवत होता. ते कळायला निनावी स्काउटची गरज नव्हती, डोळे पुरत होते. आमच्या क्लबकडे तेवढेही नव्हते, तो भाग वेगळा.

आणि हे स्काउट का बोलतात, हे माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं माहीत आहे. एकाला पोरगा हवा असतो आणि त्याची निवड उशिरा असते, म्हणून तो पोराला खाली ढकलतो. दुसऱ्याच्या क्लबने पोराला न घेण्याचं ठरवलेलं असतं आणि उद्या मालकापुढे कारण हवं असतं. तिसऱ्याचा मुलाखतीत अहंकार दुखावलेला असतो. चौथा खरंच प्रामाणिक असतो. वाचकाला चौघं एकाच आवाजात ऐकू येतात. तुम्ही स्वतःच एप्रिलला ‘खोटं बोलण्याचा हंगाम’ म्हणता, हसत हसत म्हणता, आणि मग त्याच हंगामातलं पीक बाजारात आणता.

एक गोष्ट मला टाळता येत नाही. वर ज्यांच्याबद्दल असं बोललं गेलं त्यांत मॅन्झिएल सोडला तर सगळी पोरं काळी आहेत. आळशी, गर्विष्ठ, मंदबुद्धी, घरचं वळण नाही. ज्या १९७८ साली आत्याचं लग्न मोडलं त्याच वर्षी वॉरन मून नावाच्या काळ्या क्वार्टरबॅकने विद्यापीठाला रोझ बोल जिंकून दिला, मॅचचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि ड्राफ्टमध्ये एकाही क्लबने त्याचं नाव घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला आणि संघाबरोबर ओळीने पाच वेळा तिथला करंडक जिंकला. २००६ मध्ये तो इथल्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि २०११ मध्ये न्यूटनची बाजू घ्यायला उभा राहिला तो हाच मून. आम्हा मराठी लोकांना हे समजायला अवघड नाही. आमच्याकडे ‘मुलगा हुशार आहे हो, पण संस्कार…’ असं म्हणून वाक्य अर्धं सोडतात, आणि त्या तीन टिंबांत कुठली जात बसलीय ते बोलणाऱ्यालाही कळतं, ऐकणाऱ्यालाही. तुमच्या ‘वृत्ती’ आणि ‘देहबोली’ या शब्दांत मला तीच टिंबं दिसतात. प्रत्येक वेळी असतात असं नाही. पण बोलणारा कोण हेच माहीत नसेल, तर कधी असतात आणि कधी नाही हे ओळखायचं कसं?

तुम्ही म्हणाल, नावं मागितली तर कुणी बोलणारच नाही. बरं, मग न बोलू देत. क्लबच्या डॉक्टरने खेळाडूच्या डोक्याची दुखापत दाबली, मालकाने कर्मचाऱ्याला छळलं, असं कुणी नाव झाकून सांगत असेल तर जरूर झाका, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. तिथे लहान माणूस मोठ्याविरुद्ध बोलतो. ड्राफ्टमध्ये पगारी, अनुभवी, पेन्शनीला आलेला माणूस २२ वर्षांच्या पोराविरुद्ध बोलतो, आणि तुम्ही पांघरूण कुणावर घालता, तर त्या माणसावर.

माझं मागणं फार नाही. खेळाबद्दल निनावी मत छापायचं तर छापा, ते चित्रणाशी ताडून बघता येतं. स्वभावाबद्दलचं निनावी मत छापू नका. छापल्याशिवाय राहवतच नसेल, तर निदान शेजारी लिहा की या माणसाच्या क्लबची निवड पोराच्या अपेक्षित क्रमांकाच्या आगे-मागे आहे का, आणि तो मुलाखतीत स्वतः बसला होता की त्यालाही कुणीतरी सांगितलं. त्याने नाव फुटत नाही, पण वाचकाला वास येतो. आणि तीन वर्षांनी त्याच माणसाला फोन लावून विचारा, आता काय म्हणणं? उत्तर त्याच जागी, त्याच टायपात छापा. लीगला सांगण्यासारखं एवढंच, की फोन नंबरला जो दर लावलात तोच मुलाखतीलाही लावा.

जीनो स्मिथची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. २०१३ मध्ये त्याच्याबद्दलही लिहिलं गेलं होतं, अभ्यासू नाही, सहकारी मान देत नाहीत. न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तो पहिल्या रात्री सूट घालून बसून राहिला, बाकीची पोरं उठून मंचावर गेली, कॅमेरा दर पाच मिनिटांनी त्याच्या तोंडावर. मला तेव्हा या खेळाचे नियम धड कळत नव्हते, पण ते तोंड कळत होतं. दुसऱ्या दिवशी ३९वा गेला. मग वाईट वर्षं आली. सहकाऱ्याने जबडा फोडला, नंतर कितीतरी हंगाम दुसऱ्यांच्या मागे बाकावर बसला. २०२२ मध्ये सिएटलने त्याला चेंडू दिला. ३० टचडाउन, आणि दर शंभर पासमागे जवळजवळ ७० पास अचूक, त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यांत जास्त.

२३ नोव्हेंबर २०२५ ला लास वेगासला ब्राउन्सची मॅच होती. शेडूर सँडर्सची पहिल्या चेंडूपासून खेळायची पहिलीच वेळ. समोरच्या रेडर्सचा क्वार्टरबॅक जीनो स्मिथ. आम्ही २४–१० जिंकलो. शेडूर चांगला खेळला, थोर खेळला नाही, एक पास सरळ समोरच्याच्या हातातही दिला. रात्री भारतात फोन लावला तेव्हा आत्या चहा घेत होती. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण मी जिंकल्याच्या भरात तिला सगळं सांगितलं, तो निनावी प्रशिक्षक, ती मुलाखत, १४४वा क्रमांक, तीन दिवसांची वाट. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली,

‘कुणी सांगितलं होतं, ते कळलं का रे?’

मी म्हटलं, नाही.

‘हं,’ म्हणाली, आणि कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

कळावे. माझं नाव पत्राच्या माथ्यावर आहेच, उत्तर त्याच नावाने पाठवावे.

प्रत माहितीसाठी रवाना : १) आयुक्त रॉजर गुडेल, लीग कार्यालय, न्यू यॉर्क. २) सर्व ३२ क्लबांचे स्काउटिंग विभाग. ३) रविवारचा ग्रुप.